अडुळशाच्या कांड्या

पाचगावात घर बांधलं तेव्हा
कुंपणाच्या तारेला पैसे उरले नव्हते.
शेजारच्या शशिकला चौगुले म्हणाल्या,
अडुळसा लावा. शेळी तोंड लावत नाही,
पाणी फार मागत नाही,
आणि तुमच्या त्या खोकल्यालाही...
पुढचं त्यांनी गिळलं.

एकतीस वर्षं शिरोलीत, मोल्डिंगला.
काळी वाळू साच्यात ठोकायची,
बीड ओतायचं, निवलं की साचा फोडायचा,
हवेत उरेल ती वाळू
छातीत भरून घरी आणायची.
गेटवर झडती व्हायची रोज.
ती कधी सापडली नाही.

कांडी अंगठ्याएवढी जाड घ्यावी,
कोवळी नको, फार जून नको.
तीन डोळे मातीत, दोन वर,
जराशी तिरकी.
कोअर बसवताना धरायचो तसा
मी श्वास धरून लावत गेलो.
सत्तावीस लावल्या, एकोणीस जगल्या.
आठांचं काय चुकलं कळलं नाही.
फौंड्रीत याला रिजेक्शन म्हणत
आणि पगारातून कापत.

दुसऱ्या हिवाळ्यात फुलं आली,
पांढरी, जबडा उघडल्यासारखी,
आत जांभळ्या रेघा.
नात फूल उपटून बुडाकडून चोखते.
"एवढंच गोड?"
एवढंच, बाई.

पानं शेंड्याची खुडू नयेत.
खालची घ्यावीत, गडद,
पिवळी पडायच्या आधीची, दव वाळल्यावर.
सात पानं, चार मिरी, आल्याचा तुकडा,
चार कपांचा एक कप होईस्तोवर.
गूळ शेवटी, यार्डातला काळपट बघून;
पिवळाधमक दिसतो तो नको.
गुळानं कडूपणा जात नाही,
त्याला सोबत होते नुसती.

डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात.
म्हणतात, काढा घ्या, पण पंप सोडू नका,
वाळू काही विरघळायची नाही.
मला सांगतात.
मी ती चाळायचो.

मागच्या मार्गशीर्षात फाटकाशी
रिक्षातून उतरले आदगोंडा मगदूम,
आमचे सुपरवायझर.
मास्क मागितला की म्हणायचे,
"रुमाल हाय न्हवं खिशात?"
फाटकापासून पायरीपर्यंत तीनदा थांबले.
खोकला ओळखीचा. एकाच साच्यातला.
बायकोनं चहा टाकला.
मी बोललो नाही, तेही नाहीत.
मग कपाकडे बघत म्हणाले,
"एखादी कांडी मिळंल का?
टेरेसवर कुंडी मोकळी हाय."

तोंडाशी आलं होतं वाक्य,
त्यांचंच, त्यांना परत द्यायला.
कात्री घेऊन उठलो.
दोन कापल्या, मग तिसरी.
गुंडाळायला ओलं पोतं हवं होतं,
सापडेना. तेव्हा खिशातला
माझाच रुमाल भिजवला नळाखाली.

रुमाल परत आलेला नाही.
कांड्या फुटल्या का वाळल्या,
मी विचारलेलं नाही.
यंदा छाटणी करताना चार कांड्या
बादलीत उभ्या करून ठेवल्यात, सावलीला.
बायको विचारते, कुणासाठी?
बादलीत पाणी कमी झालंय,
म्हटलं.