बिल्ल्याची भोकं

शारजात, रोल्याच्या गल्लीत माझं इस्त्रीचं दुकान.
आबा पेडामकर लेकाकडे आलेत.
पाच पांढरे सदरे घेऊन रांगेत उभे.
कुणी उठलं नाही.
पेशावरचा न्हावी म्हणाला, चाचा, जरा बाजूला.

वाफ सोडली
तशी डाव्या खिशावर टाचणीची भोकं दिसली.
पहिल्या पक्षाचं,
फुटून निघाले त्याचं,
परत आले तेव्हाचं, जरा वर,
आणि एक अपक्ष उभे राहिले तेव्हाचं,
छत्री होती निशाणी. डिपॉझिट गेलं.

त्यांच्या सभेला सतरंज्या मी अंथरल्यात गुहागरला.
बंदर आणतो म्हणाले होते.
बंदर मी पाहिलं,
इथे आल्यावर.

“किती झाले?”
दहा दिरहम, आबा.
सवयीनं त्यांनी हात जोडले,
मग खिसा चाचपत राहिले.