पाइप फुटला तेव्हा

फेब्रुवारीत, उणे एकतीसला,
आमच्या गल्लीतला पाण्याचा पाइप फुटला
आणि विनिपेग पालिकेनं रस्ता उकरला.

वर डांबर. त्याखाली लाकडी ठोकळे,
घोड्यांच्या काळातले, अजून तेलकट.
मग एक निळी बाटली, यिडिश अक्षरांची;
वाचणारं गल्लीत कुणी उरलं नाही.

ओरिस्या हाल्युक वॉकर टेकत आली, अठ्ठ्याऐंशीची.
"हे माझ्या बापानं बसवले. पगार बुडवला त्याचा."
बुडवणारे तिला नावानिशी पाठ.

रोमेलनं सगळ्यांना आल्याचा काढा दिला,
बंद पडलेल्या शिलाई कारखान्याच्या कपांतून.
त्याच्या आईनं तिथं बटणं लावली,
नजर जाईपर्यंत.

व्हर्ना खड्ड्यात डोकावलीच नाही.
बाजूच्या मातीच्या ढिगाकडे बोट करून म्हणाली,
"आम्हा क्री लोकांची नदीकडची पायवाट
मघाशीच उपसलीत तुम्ही. त्यात आहे ती."
फोरमननं उगाच हातमोजे झटकले.

संध्याकाळी नळाला पाणी आलं, आधी तांबडं.
ढीग परत लोटला, हाताला येईल तसा,
खालचं वर, वरचं कुठंतरी.

बाटली कुणी नेली, ते अजून ठरत नाही.
ओरिस्या म्हणते रोमेलनं,
रोमेल म्हणतो तिनं.

तेवढाच रस्ता दर उन्हाळ्यात
जरा खचतो.