टर्किश

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये बावीस वर्षं
मी टर्किश टॉवेल काढतो.
लाइट गेली तरी बोट फिरवून सांगतो
कुठं लूप बसलाय, कुठं वरचा बीम जास्त ताणलाय.
म्हणून हत्तुरे मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला तेव्हा
फार समजावून सांगावं लागलं नाही.

श्रीलता कुशीवर, तोंडात प्लॅस्टिकची कडी,
रात्रीपासून उपाशी.
चौदा पूर्ण. दिसायला नऊची.
नळी घशातून उतरली, जठर ओलांडलं,
एक वळण आलं.
मॅडम म्हणाल्या, इथं मखमल असायला पाहिजे.
तिथं मांजरपाट होतं.

'बारीक बारीक लूप असतात इथं. अन्न तेच पितात.'
मी म्हटलं, लूप नसला तर टॉवेल पाणी पीत नाही.
तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.
मग चार ठिकाणी चिमटा घेतला,
आणि बाटलीवर कुणीतरी
येमूलचं येमुळे लिहिलं.

सहा वर्षं फुगलेलं पोट, सहा वर्षं जुलाब.
जंताची गोळी, लोहाचं सिरप,
पाच्छा पेठेतल्या एका म्हातारीकडनं
पोट चोळून घेतलं, लिंबू उतरवलं.
आठ दिवसांनी कागद आला.
गहू.
मी विचारलं, कुठला गहू?
मॅडम म्हणाल्या, सगळा.

आमच्या घरात सगळ्यांना ज्वारी.
चपाती एकट्या तिला.
अशक्त पोर, भाकरी पचायची नाही म्हणून
नागमणी विड्यांच्या मजुरीतनं लोकवन आणायची,
दुधात कुस्करून भरवायची.
दवाखान्यातनं येताना मी खारी घ्यायचो, न चुकता.
धाकट्यानं एकदा तिच्या ताटातला तुकडा उचलला
तर त्याच्या हातावर मारलं होतं मी.

रिक्षात नागमणी गप्प.
सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा
तेलुगूत एवढंच म्हणाली, ना चेत्तोने.
माझ्याच हातानं.

कणकेचा डबा शेजारच्या मुलाणींकडं दिला.
परत आला तो रीतीप्रमाणं रिकामा नाही,
भाजके शेंगदाणे भरून.
त्याचीच चटणी कुटली.
कडक भाकरी, चटणी, वर तेल.
पहिले पंधरा दिवस श्रीलता ताटावर रडली.

आमच्या कामात बसलेला लूप उठत नाही.
तो पीस सेकंडमध्ये जातो, किलोवर.
मॅडम म्हणाल्या, पोटातले उठतात.
किती दिवसांत, ते मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

दर रविवारी शेड बंद असते.
तिला गोदामात नेतो,
गठ्ठे मोजायच्या काट्यावर उभी करतो.
परवा म्हणाली, चपला काढू का?
म्हटलं, राहू दे.