निघत नाही

घर विकायला काढलंय. एजंटबाई गराजमध्ये आल्या,
खाली बघून म्हणाल्या, एवढा डाग तेवढा काढा,
बाकी घर उत्तम आहे.

म्हणून मी गुडघ्यांवर. बादली, तारेचा ब्रश,
हार्डवेअरच्या दुकानातली कसलीशी पावडर.
लान्सिंगमधला एप्रिल, म्हणजे थंडीच अजून.
डाग केवढा? जेवणाच्या ताटाएवढा.
तेहतीस वर्षं त्याच्यावर चाक येऊ दिलं नाही मी,
कॅमरी कायम जरा डावीकडे लावली.
शैलाला वाटायचं, मला गाडी सरळ लावता येत नाही.

सत्तर सालची ओल्ड्समोबिल. फोर-फोर-टू. शेवाळी हिरवी.
तिचं माहेर इथून चार मैलांवर,
अर्ल डिक्स्ट्रा त्या कारखान्यात दारं बसवायचा.
गुडघे गेल्यावर त्याने ती मला दिली.
पैसे घेतले, पण दिलीच म्हणायची.
एक अख्खा शनिवार बोनेट उघडून नुसता आवाज ऐकवला:
हे बरोबर. हे चूक. आता हे बरोबर.
माझं इंग्रजी पुस्तकी, त्याचं तोंडातल्या तोंडात.
भागलं.

गार इंजिन सुरू करताना, तो म्हणाला,
पेडल दोनदा दाबायचं. तिसऱ्यांदा नाही.
मग पाय काढायचा आणि थांबायचं,
घास गिळेपर्यंत थांबतो ना आपण, तेवढं.

नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर काढायची नाही,
रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं.
दसऱ्याला सुपरमार्केटातली शेवंती, बोनेटवर हळदकुंकू,
आणि शैला: अरे, रंग जाईल तिचा.
ऋता दोन गल्ल्यांवरून ओळखायची,
बाबा आला.

मग एक्क्याण्णव साल. घर तापवणारी भट्टी बंद पडली,
ऋताच्या दातांना तारा लावायच्या होत्या,
आणि खरं सांगू? कुणी म्हटलंही नव्हतं.
शैला तर म्हणाली, बघू, जरा थांब.
मीच शहाणा. मीच जाहिरात दिली.
संसारी माणसाला आठ सिलिंडर कशाला,
असं चारचौघांत म्हणालो, वर हसलोही.

ओवासोहून डेल नावाचा पोरगा आला, बापाला घेऊन.
एकेचाळीसशे डॉलर, वीस-वीसच्या नोटा, रबराने बांधलेल्या.
मी मोजल्या. परत मोजल्या.
दोनदा दाबायचं, हे सांगायचं राहिलं.

कोपऱ्यावर, स्टॉपच्या पाटीपाशी, बंद पडली.
मार्चमधली सकाळ. पोरगा पेडल हाणतोय, हाणतोय,
पेट्रोलचा वास माझ्या दारापर्यंत.
शंभर पावलं असतील.
मी ड्राइव्हवेत उभा, खिशात नोटांचा फुगवटा.
जाऊन सांगता आलं असतं.
जाऊन पैसे परत देता आले असते, काय अडलं होतं?
पाच मिनिटं. सहा.
ती माझी वाट बघत होती असं म्हणणार नाही,
लोखंड आहे, कळतं मला.
पण थांबली होती, एवढं खरं.

मग बापाने पोराला बाजूला सरकवलं,
ती खाकरली, आणि गेली.
आवाज बराच वेळ येत राहिला.
बरोबर. बरोबर. मग फ्रीवे.

नवी भट्टी आली, तीही पुढे दोनदा बदलली.
ऋताचे दात सरळ आहेत, ती सिअ‍ॅटलला बसने फिरते.
अर्ल गेला. कारखाना पाडला, तिथं कुंपण आणि गवत.
गाडीचा शोध मी घेतला नाही.
घेतला. एकदा.
फोनवर कुणी बाई म्हणाली, इथं डेल राहत नाही.

शैला दारात येते. "निघतोय का?"
"निघत नाही."
ती डागाकडे बघते, मग डावीकडे लावलेल्या कॅमरीकडे,
मग परत डागाकडे.
"राहू दे मग," म्हणते, आणि उठायला हात पुढे करते.

मी हात धरतो, पण लगेच उठत नाही.
घास गिळेपर्यंत थांबतो ना आपण,
तेवढं.