डाव्या बुटाची कड

"पाय संध्याकाळी आणत जा जी," हासानंद म्हणाला,
"सकाळचा पाय लहान असते, खोटं बोलते.
दिवसभर उभा राहिला की खरं माप सांगते."
म्हणून बँक सुटल्यावर गेले,
सदरच्या त्या जिन्याखालच्या दुकानात,
मे महिन्यात, फुगलेली पावलं घेऊन.
बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी.
त्यानं स्वतःचा अंगठा दाबून पाहिली,
जशी आई पाहायची जूनमध्ये शाळेच्या बुटात;
फक्त ती म्हणायची, पुढच्या वर्षीही होतील,
आणि हा म्हणतो, सातशे किलोमीटर, मग सोडून द्या.

मंगळवारी मानकापूरच्या ट्रॅकवर
चारशे-चारशेचे फेरे असतात.
त्याला हलका, पातळ तळाचा जोड,
इतका, की लाल रबराची खरखर
तळव्याला ऐकू यावी.
सेमिनरी हिल्सवर दात हवेत बुटाला.
मुरूम घसरतो, सागाची पानं
पापडासारखी मोडतात, आणि त्यांच्याखाली
मूळ आहे की साप
ते डोळ्यांआधी पायाला कळावं लागतं.
रविवारी वर्धा रोडनं खापरीच्या पुढं, आणि परत.
तिथं जाड गादी. अठराव्या किलोमीटरला
माणसाचं सगळं शहाणपण गुडघ्यात उतरतं.

नवरा म्हणतो, पाय दोन, जोड चार,
तू काय गोम आहेस?

"आणि रोजचा?" हासानंदनं विचारलं.
रोजचा मी पिशवीतून काढला.
त्यानं ट्यूबलाइटखाली उलटा धरला,
चष्मा कपाळावर सरकवून,
तळावर बोट फिरवत राहिला.
"उजवा ठीक आहे. डाव्याची बाहेरची कड पार गेली.
रस्त्याच्या कडेनं धावता तुम्ही. डाव्या. उताराच्या.
लय वर्षं."

नऊ, मी म्हटलं.

सिव्हिल लाइन्सचा रस्ता मधे उंच, कडेला उतरता,
पाणी निघून जावं म्हणून तसा केलेला.
इंदू पौनीकरच्या गुडघ्याला उतार सोसत नसे.
मधला सपाट भाग तिचा, कड माझी.
कधी ठरलं नव्हतं हे,
डबा खाताना जागा ठरून जातात, तसं झालं.
पहाटे पाचला रस्त्यावर कोण? दुधाचा टेम्पो,
हायकोर्टाच्या गेटशी पेंगणारा शिपाई,
आणि माझ्या उजव्या कानात तिचं बोलणं:
सुनेचं, सिलेंडरचं, दाताच्या डॉक्टरचं.
भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली होती.
"बोलू नको, थांबू नको," एवढंच म्हणाली,
आणि आकाशवाणी चौकापर्यंत
चारच बूट वाजत राहिले.

दोन वर्षं झाली, ती लेकीकडे, रायपूरला.
गुडघा बदलला. गच्चीवर चालते म्हणे.
मी अजून कडेनंच.

"याला काही आधाराचा बूट येतो का?"
हासानंदनं खोक्यांच्या भिंतीकडे पाहिलं.
"येते. बारा हजारचा. घेऊ नका.
पायात दोष नाही तुमच्या.
मधून धावा ना जी."

घेतला तोच जुना नमुना, साडेसहा नंबर.
निळा नव्हता, राखाडी.

आज पहाटेलाच एकतीस अंश होतं.
जीपीओच्या वळणावरून मी मधे आले.
सपाट. पाय बिचकले,
जिना संपल्यावर अंधारात
आणखी एक पायरी शोधावी तसे.
मग लागले चालीला.

रायपूरला फोन केला, मधून धावले म्हणून सांगायला.
"बघून जा गं," ती म्हणाली, "आकाशवाणीच्या अलीकडे
गटाराचं झाकण आहे, डुगडुगतं.
तिथं लांब पाऊल टाकायचं."

नऊ वर्षं तिचं वाक्य नेमकं तिथंच तुटायचं.
मला वाटायचं,
काय सांगत होते ते विसरते.