पटसंख्या चार

विषय: आर्मेनियन इतिहास, भाषा व संस्कृती,
पदविका वर्ग बंद करणेबाबत.
संदर्भ: आपले तोंडी आदेश, लिफ्टसमोर.

महोदय,
नियमाने दहा हवेत. आहेत चार.
खोली बेलापूरच्या इमारतीत, चौथा मजला,
एसीचं पाणी बादलीत पडतं त्या बाजूची.
खिडकीतून पारसिकचा डोंगर अर्धा दिसतो,
उरलेला खडी होऊन रस्त्यांखाली गेला.

बाईंचं नाव आर्पिने. आपल्या पगारपत्रकात अर्पिता.
दुरुस्तीचे दोन अर्ज आले, फायलीला लागले.
तिसऱ्यांदा त्या हसून म्हणाल्या, राहू द्या,
माझ्या आजीचं नावही एका नाक्यावर असंच बदललं होतं,
लिहिणारा घाईत होता.
त्याच दिवशी मी दुरुस्त केलं.

विद्यार्थ्यांची माहिती मागवली होती, ती अशी:
केळस्कर, खत कारखान्यातून निवृत्त.
मुलगा येरेवानला डॉक्टर व्हायला गेला, तिथलाच झाला.
नात फोनच्या पडद्यावर ‘पापिक, पापिक’ करायची.
हे महिनाभर तिला गॅलरीतला पोपट दाखवत राहिले.
पापिक म्हणजे आजोबा, हे पहिल्या तासाला कळलं.
पोपटाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ऑस्विन परेरा. बुद्धिबळाची एक जुनी वही आहे त्याच्याकडे,
खेळी समजतात, समासातल्या शिव्या समजत नाहीत.

तस्नीम, ऐरोलीत संगणकासाठी अक्षरं घडवते.
म्हणते, यांचं सातवं अक्षर ए,
एकटंच उभं राहतं आणि त्याचं वाक्य होतं.
अर्थ: आहे.

चौथी दर्शना मढवी.
हाच विषय का, या रकान्यात तिनं लिहिलंय:
फी सगळ्यात कमी होती.

परवा मी डोकी मोजायला गेलो.
मोजून झाली, तरी मागच्या बाकावर बसलो. पंखा चालू होता.
फळ्यावर जुना नकाशा. बाई गावांची नावं वाचत होत्या,
प्रत्येक नावापाशी थांबत, हजेरी घेतात तशा.
कुणी हजर म्हणालं नाही.

दर्शना म्हणाली, आमचा पन गाव नाय रेला आता.
विमानतळाखाली गेला.
मग लगेच, चाचरत: पण आम्हाला पैसे मिळाले, प्लॉट मिळाला,
कुणी मारलं नाही आम्हाला. तसं नाही म्हणायचं मला.
बाई म्हणाल्या, माहीत आहे. नाव सांग.

तिनं सांगितलं. बाईंनी ते त्यांच्या अक्षरांत लिहिलं,
खडू मोडला, दुसरा घेतला.
भूसंपादनाच्या यादीत हेच नाव मी बत्तीस वेळा टंकलेलं आहे,
आधीच्या नोकरीत. एकदाही वाचलं नव्हतं.

मग चाचणी. एक वाक्य: त्साव्द तानेम.
शब्दशः, तुझं दुखणं मी नेते.
रोजचं बोलणं आहे त्यांचं, भाजीवालीसुद्धा म्हणते.
मराठीत काय म्हणाल?
केळस्करांनी लिहिलं, काळजी नसावी.
तस्नीमनं लिहिलं, खोडलं.
ऑस्विन छताकडे बघत बसला.
दर्शना उठली. बाईंच्या चेहऱ्यावरून दोन्ही तळवे उतरवले
आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.
कडकड, सगळी दहा.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
बादलीत पाणी पडत होतं, ते ऐकू आलं.
तिला पाचपैकी पाच गुण दिलेले दिसतात.
उत्तरात एकही शब्द नाही,
लेखापरीक्षक विचारतील, म्हणून नोंद करून ठेवतो.

सबब, सादर.
पटसंख्या चार, दोनदा तपासली.
शेरा: आहे.
बादली भरली होती, मोठी मागवली आहे.