बर्फाच्या कारखान्यातलं मशीन

साखरीनाट्याच्या जेटीवर
वीज येते तशी जाते,
म्हणून माझं मशीन मी बर्फाच्या कारखान्यात ठेवलंय,
हिशेबाच्या खोलीत, इक्बाल होडेकरांच्या वह्यांशेजारी.
त्यांच्याकडे जनरेटर आहे.
भाडं म्हणून त्यांच्या तिन्ही मुलींचे मोबाइल
मी फुकट दुरुस्त करते.

रात्री साडेनऊला बिल्ड लावलं.
पडद्यावर ओळी सरकतायत,
सत्तेचाळीस हजार तुकडे, एकाला एक.
भिंतीपलीकडे क्रशर लाद्या फोडतो,
इकडे मशीनचा पंखा शिट्टी घालतो.
"लाद्या वितळल्या तर बिल तुझ्या नावावर,"
इक्बालचाचा दारातून म्हणतात, आणि चहा ठेवून जातात.

फोन साधाच. आठ वर्षांपूर्वीचा.
राजापूरच्या एका दुकानदाराने गठ्ठ्याने आणला,
बंदरातल्या निम्म्या तांडेलांच्या खिशात गेला.
कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडला.
आता हवामानाचं ॲप म्हणतं, तुमचा फोन जुना आहे.
फोन काही म्हणत नाही.
खवले चिकटलेत, काच तडकलीय,
चालतोय.

सोर्स उघडा होता म्हणून मी आत शिरले.
माझ्याआधी तिथे कुणी इलमार होता,
कुठल्या देशातला ठाऊक नाही.
कॅमेरा त्यानेच चालू केला, वायफाय त्यानेच.
शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली:
'माइक अजून मुका आहे. वेळ मिळाला की बघतो.'
त्यानंतर काही नाही.
मी दोनदा पत्र लिहिलं.

आमचे दाऊदचाचा होडी बांधतात तेव्हा
फळीला फळी लागली की
फटीत कापूस ठासतात, वरून चंद्रूस नि तेल.
"पाणी फळीतून येत नाय गो," म्हणतात,
"सांध्यातून येतं."
माइकही सांध्यातच अडकला होता,
जुना ड्रायव्हर, नवा कर्नल,
मध्ये एक आकडा चुकीचा.
तीन आठवडे गेले त्या आकड्यावर.

पहाटे तीनला सगळं थांबलं.
लाल ओळ: फाइल सापडत नाही.
कुणाकुणाला शिव्या दिल्या, मग आठवलं,
जागा व्हावी म्हणून मीच पुसली होती.
परत आणली. परत लावलं.
वहीवर डोकं टेकून जरा झोपले,
गालावर पापलेटचा भाव उमटला.

उजाडताना झिप तयार.
माझ्या किल्लीने सही केली.
चौसष्ट अक्षरांचा चेकसम खाली लिहिला,
वाटेत कुणी हात घातला तर कळावं.
परवान्याचा कागद होता तसा ठेवला.
नावांत इलमार पहिला.
त्याखालची ओळ बराच वेळ रिकामी होती,
मग माझं नाव टाकलं.

अन्वर सोलकरची होडी बर्फासाठी थांबली होती.
फोन देताना एवढंच विचारलं त्याने,
"पोरीचे फोटो जायचे नाहीत ना?"
आधी ते काढून ठेवले.
वीस मिनिटांनी फोन घेऊन
तो क्रशरपाशी टोपल्या भरायला गेला
आणि तिथून मला कॉल लावला.

मी उचलला.
क्रशर दोनदा ऐकू आला,
एकदा भिंतीतून,
मग जरासा उशिरा, कानातून.
त्यामागून अन्वर ओरडत होता,
"येतंय का गो ऐकू?"

होडी गेल्यावर नोंद लिहिली:
'माइक बोलतो. साखरीनाट्याला तपासलं.
मोठ्या आवाजात स्पीकर खरखरतो.
वेळ मिळाला की बघते.'